टोरांटो ते दिल्ली, चौदा तास

मंडळी, आज संध्याकाळी मी आईला अग्नी दिला. दादा पोहोचला नव्हता. तो या ग्रुपवर नाही, म्हणून इथे लिहितेय.

काल सकाळी आई गेली, तेव्हा हॉस्पिटलवाले तिला शवगृहात ठेवायला तयार होते. मी मोबाइलवर पाहिलं, टोरांटो ते दिल्ली चौदा तास. म्हटलं, एवढ्यासाठी कशाला, घरीच बर्फावर ठेवू.

ते नुसते उडण्याचे तास होते. तिकीट मिळेपर्यंतचे, विमान बदलताना बसून राहण्याचे, दिल्लीहून ग्वाल्हेरपर्यंत गाडीचे तास मी धरलेच नाहीत. शिकलेली बाई मी.

आज चार वाजता दादा दिल्लीत उतरला. इकडे बर्फ तिसऱ्यांदा बदलून झाला होता. शेजारचे काका हळूच म्हणाले, "बेटा, अब और मत रोको. सूरज ढलने से पहले ले चलते हैं." बाबांनी माझ्याकडे न बघताच मान हलवली.

आत्ता दादा आग्र्याच्या पुढे आलाय. मघाशी त्याचा मेसेज आला, "दोन तासांत पोहोचतो. बर्फ पुरेल ना गं?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?