'रखमा सापडत नाही'

हितेंद्र सावंत काळाचौकीच्या आमच्या चाळीत खोली नंबर एकोणीसमध्ये राहतो. दादरला एका ऑफिसात कारकून. त्याला कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही, मला आंदोलन कुणी शिकवलं नाही. म्हणून आमचं जमतं. दिवसाआड भांडण होतं, पण जमतं.

पुनर्विकासाची बैठक लागली आणि बिल्डरच्या यादीत आमच्या बावीस खोल्या 'कायम बंद' निघाल्या. आत माणसं नांदतायत, चहा उकळतोय, आणि म्हणे बंद! म्हणजे बावीस कुटुंबांना नव्या इमारतीत घर नाही. मी हितेंद्रला म्हटलं, "आपली यादी पाहिजे. पुराव्यासकट, स्क्रीनवर."

त्याने प्रोग्राम लिहिला. प्रत्येक कामाची वेगळी फाइल, आणि फाइलीला चाळीतल्याच माणसाचं नाव. भाडेकरूंची यादी म्हणजे 'रखमा'. कारण खोली दोनमधली रखमा राणे, वय अठ्ठ्याहत्तर, कोण कुठे राहतं ते झोपेतही सांगेल.

"आधी सगळ्या फाइली सुरुवातीलाच उघडायच्या," तो म्हणाला. "मशीन धापा टाकायचं. आता ज्याचं काम निघेल त्यालाच हाक. नाव घेतलं की फाइल हजर."

"आपल्या कार्यकर्त्यांचं उलटं. नाव घेतलं की गायब."

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉप माझ्याकडे होता. फाइलींची नावं वाचली आणि माझं टाळकं सटकलं. रखमा? नुसती? गिरणी संपाच्या वर्षी या बाईने अर्धी चाळ जेवू घातली, तिला मान नको? फाइलीचं नाव बदलून टाकलं: 'रखमाकाकी'.

बैठकीत प्रोग्राम झकास उघडला. नकाशा आला, वीजबिलं आली. यादीला अजून हाकच गेली नव्हती ना! मी छाती काढून बसलो. बैठकीला आलेले सरकारी अधिकारी म्हणाले, "आता भाडेकरूंची यादी."

हितेंद्रने बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: 'रखमा सापडत नाही.'

बिल्डरचा माणूस खिदळला, "बघा साहेब, तीही खोली बंद!"

"काल चालत होतं!" हितेंद्र घामाघूम. "फाइलीला हात कोणी लावला?"

मी पंख्याकडे बघितलं. "काकी लावलं पुढे. मान दिला."

"अरे, प्रोग्राम रखमा म्हणून हाक मारतो! त्याच नावाची फाइल शोधतो. एक अक्षर जास्त झालं तरी ओळखत नाही तो."

"मग त्यालाच शिकव काकी म्हणायला! वळण नको?"

"सत्तर ठिकाणी हाक मारलीय रे!"

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं. नाहीतर बिल्डरची यादी धरतो."

पहिल्या रांगेतून खुद्द रखमा उठली. "काढ रे ती काकी! माका रखमा म्हणान हाक मार, मी येतंय. ह्यो मेलो मान देता आणि घर घालवता!"

काकी काढली. रखमा आली. मागोमाग बावीस खोल्या, पुराव्यासकट. अधिकाऱ्यांनी एकेका खोलीपुढचं 'बंद' खोडलं.

बाहेर पडताना हितेंद्र म्हणाला, "पुढच्या वेळी मान द्यायचा असेल तर पाया पड. फाइलीला हात लावू नकोस."

पडलो पाया. रखमाच्या. हितेंद्रच्या नाही, तेवढा स्वाभिमान शिल्लक आहे.