लाइनीतला गोरा

सेवाग्रामच्या दवाखान्यात, लाइनीत माह्यापुढं एक जटावाला गोरा उभा होता. पोरगी तापानं फणफणून राह्यली, अन् हा मोडक्या हिंदीत सांगत सुटला, का माह्या लग्नाच्याही आधी त्याच्या देशात गाण्याचा लय मोठा मेळा भरलता, तीन दिवस पाऊस अन् चिखल.

वा! चिखलासाठी मेळ्याले गेलता, आमच्या अल्लीपुरात तो दारातच भेटते.

“गाना कैसा था?” मी विचारलं.

“सुना नहीं. तीन दिन पानी की लाइन में था.”

येवढ्यात पोरीनं डोळे फिरवले. त्याचाच नंबर लागलता, तो त्यानं मले देल्ला. “जाओ, बहन.”

सुई टोचल्यावर पोरगी रडली, तवा माहा जीव भांड्यात पडला. बाहेर आली, तर गोरा आणखीनच मांगं! त्यानं तीन बुढ्या पुढं सोडल्या होत्या.

तवा समजलं, या येड्याचं गाणं काऊन हुकलं.