दोघींची गोधडी

माझ्या मोबाइलमध्ये दोनशेच्या वर बायका आहेत आणि त्यांतली एकही माझ्या पडवीत येऊन बसत नाही. मुलीने मला त्या ग्रुपमध्ये घातलं तेव्हा मी तिच्यावर डाफरलेच होते. म्हटलं, मला कशाला हवेत हे नसते उद्योग? ती पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, दिवसभरात तू कोणाशी बोलतेस, सांग बघू." मी म्हटलं, "मासळीवालीशी." नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मालवणजवळ खाडीकाठी आमची वाडी. घरं सगळी उभी आहेत, पण निम्म्यांना कुलपं.

ग्रुप शिवणाऱ्या बायकांचा. कोणी गोधड्या करतं, कोणी दुपटी, कोणी चिंध्यांच्या पिशव्या. कुडाळच्या एक निवृत्त शिक्षिका तो चालवतात, सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. दर रविवारी आपण केलेल्या कामाचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, 'स्वहस्ते'. शिंप्याकडून करून घेतलेलं चालत नाही. एकीने सुनेने शिवलेली पिशवी आपली म्हणून टाकली, तर बाईंनी सगळ्यांदेखत तिची अशी हजेरी घेतली की ती बिचारी महिनाभर उगवली नाही.

मी पहिल्यांदा उशीचा अभ्रा टाकला. कोणी फुलं पाठवली, कोणी जोडलेले हात. त्यात एक अंगठा आला आणि त्याच्यापुढचं नाव वाचून मी चष्मा पुसला. माझ्या थोरल्या जावेचं नाव! जाऊ राहते कुठे, तर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे. तिने फोडणी घातली की ठसका मला लागतो. आणि आम्ही दोघी सहा वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो.

भांडण कशावरून, तर सांगायलाही लाज वाटते. भावाभावांची वाटणी झाली, चिऱ्याची भिंत घालायला गवंडी आला. त्याने विचारलं, मध्ये दार ठेवायचं का? जाऊ म्हणाली, "ठेव रे, आमका येवक-जावक होयां." आणि मी, माझी मेलीची जीभ, मी म्हटलं, "वाटणी म्हणजे वाटणी, दार कित्याक?" ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून बोललीच नाही.

माझा नवरा गेला तेव्हा ती आली. बारा दिवस माझ्या चुलीपाशी होती, सगळ्यांना पेज वाढली, आल्यागेल्याशी बोलली. माझ्यापुढे ताट ठेवताना मात्र खाली बघायची. तेराव्याला गेली ती गेली. मला वाटलं होतं, आता एवढं झाल्यावर तरी बोलेल. मग मलाही राग आला. राग म्हणजे काय, रडूच ते.

आणि आता हा अंगठा. पुढच्या रविवारी मी पिशवी टाकली, पुन्हा तिचा अंगठा. पायपुसणं टाकलं, अंगठा. मी खुळीने त्याचा केवढा अर्थ लावावा! रविवारी सकाळी फोटो टाकायचा आणि मोबाइल ओट्यावर उभा करून नारळ खवत बसायचं. बाकीच्यांची फुलं येवोत न येवोत, तिचा अंगठा आला की माझा दिवस पार पडायचा. वाटायचं, वैनी बोलते आहे. तोंडाने जमत नाही म्हणून अशी बोलते आहे. वर्षभर मी शिवलं ते तिच्यासाठी शिवलं. मुलीला सांगितलं, तुझी काकी निवळली हो. ती म्हणाली, मग जा ना तिच्याकडे. मी म्हटलं, जाईन, घाई काय आहे?

मग शिवायला कापडच उरेना. शेवटी ट्रंकेच्या तळातून ती अर्धी गोधडी काढली. सासूच्या लुगड्यांची होती. सासू गेल्यावर आम्ही दोघींनी ती शिवायला घेतली होती, वाटणी व्हायच्या आधी. एकटीने गोधडी शिवली तर आतले थर सरकतात, चुण्या पडतात. म्हणून आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, दोन्ही बाजूंनी धावदोरा घालत मध्याकडे यायचो. तिची बाजू पुरी झाली होती, माझी राहिली होती. वाटणी झाली तेव्हा गोधडी माझ्या पडवीत होती, म्हणून माझ्याकडेच राहिली. तिने मागितली नाही, मी दिली नाही. आता मी चार कोपऱ्यांवर चार चिरे ठेवून माझी बाजू पुरी केली. दोन महिने लागले. फोटो काढला आणि सवयीने, अगदी देवाशपथ सवयीने, खाली लिहिलं, 'स्वहस्ते'.

ग्रुपवर कौतुकाचा पूर आला. आणि मग बाईंचा प्रश्न आला. शिक्षिकेचे डोळे ते! "ताई, इकडचे टाके बारीक आहेत, तिकडचे लांब. दोन हात दिसतात. कोणाची मदत होती का?"

दोनशे बायका वाचत होत्या. मला ती पिशवीवाली आठवली. मी लिहिलं, "नाही हो बाई, एकटीनेच शिवली. वयाने हात बदलतो."

पाठोपाठ अंगठा आला. जावेचा.

थोबाडीत मारल्यासारखं झालं मला. तिचं अर्धं काम मी चारचौघींत गिळलं होतं आणि ती म्हणत होती, छान. यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. वाटलं, एवढ्या वर्षांनी ती एक बोट पुढे करत होती, ते मीच माझ्या हाताने मोडलं. आता अंगठाही यायचा नाही. मग मात्र मी उठले, गोधडी काखोटीला मारली, रस्त्याने वळसा घालून तिच्या अंगणात गेले.

तिची सून कोकमाची सोलं वाळत घालत होती. मला बघून तिचे हात थांबले. मी तिला सगळं एका दमात सांगितलं. ग्रुपचं, गोधडीचं, मी खोटं लिहिलं ते, आणि वैनीने वर अंगठा दिला ते. ती ऐकत राहिली आणि मग चक्क हसली.

"काकी, तो अंगठो मी देतंय! नंबर आईंचो, पण मोबायल माझ्याकडेच आसता. त्यांका खंय कळता त्यातला? मी सगळ्यांकाच देतंय, कोणाक राग येवक नको म्हणान. वाचूक माका वेळ खंय?"

मी तिथेच पायरीवर बसले. वर्षभराचे रविवार डोळ्यांपुढून गेले. माझी उशी, माझी पिशवी, माझं पायपुसणं. भिंतीपलीकडच्या बाईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एकटीच बोलत होते आणि एकटीच ऐकत होते.

आमचा आवाज ऐकून जाऊ बाहेर आली. केस केवढे पांढरे झाले होते तिचे! सुनेने तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. जावेने माझ्या हातातली गोधडी घेतली, उलटी केली, पाठीवरून हात फिरवत तिच्या टाक्यांपासून माझ्या टाक्यांपर्यंत आली. मग माझ्याकडे बघितलं. सात वर्षांनी सरळ माझ्याकडे.

"इतकी वर्सां मी भिंतीपलीकडे आसंय गो," ती म्हणाली, "आणि तू माका मोबायलात सोधीत होतंस?"

"चुकलंय वैनी," मी म्हटलं.

"चुकलंस ता खराच," ती म्हणाली, आणि गोधडी घेऊन आत गेली. दार तिने ओढून घेतलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. "आत येव काय?" एवढंच मला विचारायचं होतं. पण 'दार कित्याक' म्हणणारी मीच, कुठल्या तोंडाने विचारू? मी बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिले, आणि न विचारताच घरी आले.