लोणावळ्यापर्यंतची मुंबई

माझ्या बायकोनं मला फसवलं. तीन वर्षं फसवत होती, आणि ते मला लोणावळ्याच्या फलाटावर, पेरू विकणाऱ्या बाईच्या तोंडून कळलं.

आम्ही दोघं जोडीनं मुंबई बघायला निघालो होतो. दोन दिवस, एक मुक्काम. पहिल्यांदाच. आमच्या गावात, टाकव्यात, हे सांगितलं तर लोक हसायचे. मुंबई काय लांब आहे? गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस. पण माझी मुंबई माझ्याकडंच यायची, त्यामुळं मला जायची गरज पडली नव्हती. सोमाटणे फाट्यावर माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. लोणावळ्यात मुंबईकरांचे जुने बंगले पाडायला निघाले की त्यातली दारं, खिडक्या, पलंग, आरसे मी उचलतो. एका हातगाडीवर सुरुवात केली, कुणापुढं हात पसरला नाही. लोकांची कपाटं उघडून उघडून मला त्यांचं शहर माहीत झालं होतं. तिकडं दमट हवेत लाकूड फुगतं, पितळ काळं पडतं, हे मी न जाता सांगू शकत होतो.

वीस वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या एका बंगल्यातून समुद्राचा एक मोठा फोटो आला. दगडी कठड्यावर पाठमोरं बसलेलं जोडपं, आणि समोर नुसतं पाणी. चौकट सागवानी होती, गिऱ्हाईकही तयार होतं. सुमननं तो दिला नाही. चुलीच्या वरच्या भिंतीला टांगला.

"इकू नका," ती म्हणाली.

"मग काय पूजा करू त्याची?"

"मला हितं न्या. मग खुशाल इका."

"ह्या उन्हाळ्यात नेतो," मी म्हणालो.

सौदा झाला. त्या काचेवर वीस उन्हाळ्यांचा धूर बसला.

या जानेवारीत मी मनावर घेतलं. भात झोडून झालं होतं, बंगलेवाल्यांची कामंही थंड होती. मी बेत आखला तो एखादा बंगला घेतो तसा, चारी बाजूंनी बघून. जे जे मुंबईला जाऊन आले होते त्यांना विचारलं. गाड्यांच्या वेळा लिहून काढल्या. दादरजवळच्या एका लॉजवाल्याशी तीनदा फोनवर भांडलो. तो भाव सोडेना, तेव्हा मी फोन ठेवून दिला. पाच मिनिटांत त्याचाच फोन आला, "या साहेब, करू काहीतरी."

माझ्या धंद्याचा हा एकच मंत्र आहे. पटत नसेल तर पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. दहा पावलांच्या आत मागून हाक येते. मागं वळून बघायचं नाही, बघितलं की भाव गेला. तीस वर्षांत हे क्वचितच चुकलं.

रात्री जेवताना मी सुमनला बेत सांगायचो. समुद्र भर दुपारी बघायचा नाही, डोळ्यांवर येतो. संध्याकाळी जायचं, आधी कठड्यावर बसायचं, मग वाळूत उतरायचं. ती भाकरी थापत ऐकायची. "तुमी म्हणाल तसं." एकदाही तिनं विचारलं नाही की तिथं गर्दी किती असते, पाणी खरंच खारट असतं का. मला वाटलं, लाजते.

सकाळी कान्हे स्टेशनवर लोणावळ्याची लोकल पकडली. धुकं खाचरांवर बसून होतं आणि कापलेल्या भाताचे खुंट तेवढे वर दिसत होते. कामशेत गेलं, मळवली आलं, डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर उघडे पडले. सुमननं नवं हिरवं पातळ नेसलं होतं. मांडीवर शिदोरीची पिशवी, तीत भाकऱ्या, शेंगदाण्याचा ठेचा, गुळाच्या पोळ्या, आणि तळाशी मुंबईची तिकिटं. मला इतकं बरं वाटत होतं की तिकीट तपासनिसाला मी आपणहून सांगितलं, "मुंबईला निघालोय. जोडीनं."

लोणावळ्याला उतरलो. मुंबईच्या गाडीला वेळ होता. तिथं आमच्या टाकव्याच्या मंदावहिनी बांबूची दुरडी घेऊन पेरू विकत बसल्या होत्या. सुमन आणि त्या एकाच बचत गटातल्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बया, सुमनताई! परत मुंबई का? आणि आज मालकास्नी घेऊन! आता तरी पाण्यात पाय बुडव बाई. मागल्या येळंला काठावरच बसून व्हतीस, आमी वरडून वरडून दमलो."

मी मंदावहिनींकडं बघितलं, मग सुमनकडं. सुमन पेरू निवडत होती. एकाच पेरूवर हात ठेवून बसली होती.

तेवढ्यात गाडी आली. घाट उतरायच्या आधी ती इथं जरा जास्त थांबते. आम्ही चढलो, जागेवर बसलो. खिडकी मी तिच्यासाठी मागून घेतली होती.

"कवा गेलतीस?" मी विचारलं.

"तीन वर्सं झाली. गटाच्या बायकांबरूबर. सकाळी गेलो, सांजच्याला आलो."

"आणि मला काय सांगितलंस?"

"पवनेला, भनीकडं हळदीकुंकू हाय म्हणून."

तिनं काही लपवायचा प्रयत्न केला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणजे गटातल्या साऱ्या बायकांना माहीत, त्यांच्या घरांत माहीत, आणि मी तीन आठवडे हिला समुद्र कसा असतो ते समजावून सांगत होतो!

"का?"

"तुमचा उन्हाळा यीना," ती म्हणाली.

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी उठलो. "तुजं बघून झालंय. मग मी काय तुजी पिशवी धरायला येऊ? मी येत न्हाई. जायचं तर जा."

"अवो, बसा. गाडी सुटंल."

"सुटू दे."

मी उतरलो आणि पाठ फिरवून चालायला लागलो. एक, दोन, तीन. मागं बघितलं नाही. सहाव्या पावलाला भोंगा झाला. आठव्याला डबे हलल्याचा आवाज आला. दहा पावलं पुरी करूनच मी वळलो. तिची खिडकी माझ्यासमोरून गेली. ती माझ्याकडंच बघत होती. तोंड मिटलेलं होतं.

गाडी घाटाकडं गेली. तिच्याबरोबर शिदोरी गेली आणि माझं तिकीटही.

आता परत कुठं जायचं? गावाला दोन दिवसांचा निरोप देऊन आलो होतो. सकाळी गेलेला माणूस दुपारी एकटा उतरलेला दिसला तर कान्ह्यापासून टाकव्यापर्यंत दहा जण विचारणार, "वैनी कुटं?" म्हणून मी त्या दिवशी लोणावळा पाहिलं. तीस वर्षं मी या गावात येतोय, पण बंगल्यांच्या मागच्या दारानं. मुंबईकरांसारखा रस्त्यानं कधी फिरलो नव्हतो.

आधी बाजार. चिक्कीच्या दुकानांत माणसं चव बघत होती आणि एकमेकांना भरवत होती. मी एका गाडीवर वडापाव घेतला, दोन मागवले, मग एक परत केला.

मग पाय आपोआप तुंगार्लीकडं वळले. समुद्राचा फोटो ज्या बंगल्यातून आणला होता तिथं आता चार मजली रिसॉर्ट आहे. फाटकावर राजमाचीकडचा एक म्हातारा पहारेकरी होता.

"कुनाकडं जायाचं, आबा?"

"कुनाकडं न्हाई. हितं एक बंगला व्हता. मी पाडताना आलतो."

"मग आता काय बघाया आला?" तो हसला. "ऱ्हायलंय का काही न्यायचं?"

मी फाटकातून आत डोकावलो. भिंतीपलीकडं तरणतलावात पोरं ओरडत होती. ज्या बाईनं मला तो फोटो दिला ती विधवा होती. देताना म्हणाली होती, "कठड्यावर बसलेत ते आम्हीच. घेऊन जा, मला आता बघवत नाही." मी तेव्हा चौकट ठोकून बघत होतो. हे सुमनला मी कधी सांगितलंच नाही, हे मला त्या फाटकावर आठवलं.

दुपारी शेअरच्या जीपनं टायगर पॉइंटला गेलो. ऊन होतं, वारा होता, आणि दरी खोलवर निळी झाली होती. घाटमाथ्यावर उभं राहिलं की कोकणाकडं जमीन खाली खाली जाताना दिसते. त्या दिशेला, धुरकट रेषेच्याही पलीकडं मुंबई. मी तिकडंच बघत बसलो. एक तरुण जोडपं आलं.

"काका, फोटो काढता आमचा?"

काढला. मुलगी म्हणाली, "तुम्ही इथलेच? किती नशीबवान. रोज हे बघायला मिळतं."

"तुमचं घर कुठं?"

"मुंबईत. समुद्र पाच मिनिटांवर."

"मग रोज जात असाल."

दोघं एकमेकांकडं बघून हसली. "कुठलं काका! वर्ष झालं असेल."

त्यांच्यावर रागवावं असं वाटलं, पण कुठल्या तोंडानं?

दुर्बिणी विकणारा एक जण मागं लागला. मला दुर्बीण नको होती. सवयीनं भाव विचारला, निम्म्यावर आणला, त्यानं मान हलवली. मी पाठ फिरवली.

"ओ काका! घ्या, घ्या, तुमच्या भावात घ्या!"

सहाव्या पावलाला. ज्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, तो सहाव्या पावलाला हाक मारतो. मी परत गेलो आणि त्यानं आधी सांगितला होता तोच भाव दिला. तो बिचकून माझ्याकडं बघत राहिला. दुर्बिणीतून दरीपलीकडची झाडं दिसली. बाकी काही नाही.

दिवेलागणीला मी स्टेशनवर होतो. मंदावहिनी दुरडी आवरत होत्या. मला एकट्याला बघून त्यांना सगळं कळलं असावं.

"भाऊ, माजी जीभ जळो. पण एक सांगते. तवा आमी समद्या पाण्यात शिरलो. ती न्हाई आली. म्हणली, बघून झालं माजं, शिवायचं मातुर आमच्या ह्यांच्यासंगट."

त्या गेल्या. मी बाकावर बसलो. फोन खिशात होता, तो दिवसभर वाजला नव्हता. मीही लावला नव्हता. मुंबईहून गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती. दुसऱ्या का तिसऱ्या गाडीतून सुमन उतरली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मुक्काम?" मी विचारलं.

"एकटी कुटं ऱ्हाऊ?" तिनं पिशवी पुढं केली. "तुमच्या वाटच्या भाकरी हायत्या. खाल्लं का काय?"

कान्ह्याच्या लोकलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. मी खात होतो. खाली बघताना तिच्या नव्या पातळाचा काठ दिसला. घोट्यापर्यंत वाळून कडक झालेला, आणि त्यावर मिठाची पांढरी रेघ.

"हाक का मारली न्हाईस?" मी विचारलं.

"मी काय दुकानदार हाय व्हय?" ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, त्यातला माझा हात कुणी धरत नाही.

या गोष्टीला आता महिना झाला. फोटो अजून भिंतीवर आहे. मी एकदा म्हणालो, "त्यो काढायचा का?" ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." दुर्बीण दुकानात पडून आहे, गिऱ्हाईक आलं तरी मी भाव सांगत नाही.

तिनं मला फसवलं, हे मी वर लिहिलंय आणि ते खोडणार नाही. त्या एका दिवसाचा जाब मी भर गाडीत, चार माणसांसमोर मागितला, आणि तिनं तो खिडकीशी बसून सरळ दिला. वीस उन्हाळ्यांचा जाब मात्र तिनं मला एकदाही विचारलेला नाही. रोज सकाळी चहा पुढं ठेवते आणि कामाला लागते.

सुमन, चहा राहू दे. समोर बस आणि विचार मला.