आडवं कुणीच नाही

नातीने बेदाण्याचा डबा उघडला आणि त्या गोडसर वासाबरोबर मी साताऱ्याच्या बास्केटबॉल मैदानावर जाऊन उभा राहिलो.

आमचं सांगलीचं कॉलेज त्या हंगामात एकही सामना हरलं नव्हतं. अंतिम सामना बरोबरीत होता, शेवटचे काही सेकंद उरले होते आणि मला रेषेवरून एकट्याने टाकायचे दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला हुकला. तेवढ्यात कठड्याजवळून आबांचा, माझ्या वडिलांचा आवाज आला. तासगावच्या बेदाणा शेडमधून ते तसेच एसटीने आले होते आणि हा खेळ पहिल्यांदाच बघत होते.

"आरं, आता तर कुनीच आडवं न्हाई. भितोस कशाला? निवांत टाक."

सगळं मैदान हसलं. कॅप्टन म्हणाला, "आबांचं ऐक रं गड्या, बरोबर बोलत्यात." मी लाजलो, पण हात सैल झाला. चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आला आणि आम्ही एका गुणाने जिंकलो.

तेव्हा वाटलं, आबांना खेळातलं काही कळत नाही. आता आठवतं, बारावीनंतर चुलते मला द्राक्षबागेत अडकवायला निघाले होते, तेव्हा आबांनी याच आवाजात सांगितलं होतं, "पोराच्या आडवं कुनी यायचं न्हाई." तो सामना जिंकला त्याच वर्षी मी घरातला पहिला पदवीधर झालो.