टॉवेल कोरा निघाला

"बस यावर," मॅडम म्हणाल्या.

प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरला होता. क्लबचाच. धुतलेला, कडक. मी नुकतीच तलावातून वर आलेली. अंगावरून पाणी निथळत होतं. समोर बारा बायका छातीइतक्या पाण्यात उभ्या. पोहणं थांबलेलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

पायऱ्यांजवळ पाण्यात एकीला लालसर काहीतरी दिसलं होतं. बोटभर रेघ. ती ओरडली, तोवर रेघ विरूनही गेली.

बायका बारा, मी तेरावी. मॅडम कमिटीवर होत्या, सकाळच्या लेडीज बॅचला स्वतःही पोहायच्या. त्यांनी बारा जणींपैकी एकीलाही विचारलं नाही. सरळ माझ्याकडे बोट केलं.

"तू वर ये. तुझे ते दिवस आहेत का?"

"नाही."

खोटं बोलले. माझा दुसरा दिवस होता.

"मग बस. आत्ता कळेल."

मी बसले.

हे दोन शब्द लिहायला मला तीन महिने लागले. मी बसले. कोणी हात धरून बसवलं नाही. कोणी ढकललं नाही. मी, वयानं एकोणतीस, जिल्ह्याच्या स्पर्धेत पदक घेतलेली, या बायकांना श्वास कसा सोडायचा ते शिकवणारी, ओल्या अंगानं त्या टॉवेलवर बसले आणि मांड्या जुळवून घेतल्या.

मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पाण्यात कोणीतरी खोकलं. माझे दात वाजत होते. मार्च महिना होता, नागपूरचं ऊन पाठीवर होतं, तरी वाजत होते.

"ऊठ."

मॅडम वाकल्या. चष्मा वर केला. दोन बोटांनी टॉवेल उचलला, उजेडाकडे धरला. ओला गोल डाग. पाण्याचा. बाकी काही नाही.

"ठीक आहे. चालू द्या."

आणि मला आनंद झाला. त्या बाईनं माझ्या बुडाखालचं कापड बारा जणींसमोर उजेडात धरलं आणि मला आनंद झाला. पास झाल्यासारखा. ती खुर्ची मला तितकी छळत नाही, जितका तो आनंद छळतो.

मी पाण्यात परत उतरले तेव्हा पायऱ्यांजवळच्या बाईच्या मनगटावर नवा लाल धागा दिसला. कुठल्याशा पूजेचा. ओला झालेला. त्यातून काठाच्या दांडीवर गुलाबी थेंब गळत होता. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. तिनं हात पाण्याखाली नेला.

मी म्हटलं, "चला, दांडी धरा. पाय मारा."

*

आमची वस्ती उत्तर नागपुरात. माय धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया होती. तीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या. बाळंतिणींच्या, अपघाताच्या. पोहायला मी महापालिकेच्या तलावात शिकले, शाळेच्या पीटीच्या बाईंमुळे. क्लबात नोकरी लागली तेव्हा ऑफिसातल्या माणसानं आडनाव विचारलं. आडनाव सांगून झालं की आमच्याकडे पुढचं काही विचारायचं राहत नाही. तो म्हणाला, "स्टाफचं बाथरूम मागं आहे. मेंबरचं वापरायचं नाही."

दर महिन्याला तीन-चार दिवस मी दांडी मारायची. काय करणार? पॅड लावून पाण्यात उतरता येत नाही. ते पाणी पितं, फुगतं, लोंबतं. मग मी ताप सांगायची. एकदा मॅडम हसून म्हणाल्या, "तुला ताप बरा महिन्याच्या महिन्याला येतो." बायका हसल्या. मीही हसले.

माझी मावसबहीण मिहानमध्ये एका कंपनीत कामाला आहे. तिनं मोबाइलवर दाखवलं, पाळीत घालायचा पोहण्याचा ड्रेस. मागवूनही दिला. काळा, अर्ध्या मांडीपर्यंत. दिसायला साधाच. मला वाटलं, ही फसवणूक असणार. मायनं तो उलटा केला, आतली बाजू चोळून पाहिली.

"तीन कापडं हायेत वं," ती म्हणाली. "आतलं ओढून घेते, मधलं धरून ठेवते. अन् बाहेरचं पाण्याले आत येऊ देत नाही, रक्ताले बाहेर जाऊ देत नाही. आपल्या दवाखान्यातल्या पलंगावर रबर टाकत होतो ना, तसं. फक्त बारीक."

मग तिनं मला घरातच परीक्षेला बसवलं. चौथ्या दिवशी टबात पाणी भरून अर्धा तास बसवून ठेवलं. पाणी नितळ. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दिवशी बसवलं, पाऊण तास. पाणी तेव्हाही नितळ. पण बाहेर येऊन उभी राहिले आणि थोड्या वेळानं मांडीवर बारीक ओघळ आला.

"हे पाह्य," माय म्हणाली. "पाण्यात असतानी अंगावरून कमी जाते असं वाटते. बंद नाही होत. बाहेर आली का येतेच. भरलेल्या कापडाले किती धरवन? तू पाण्याबाहेर निंघाली का लगेच बदलाचं. जास्त जाते त्या दिवशी जाच्चंच नाही, नाहीतर थोडकाच वेळ. अन् धुवाचं थंड्या पाण्यात. गरम पाण्यानं रक्त पक्कं बसते."

एवढीच तिची अक्कल, आणि एवढीच खरी. पाकिटावर लिहिलं होतं, पूर्ण सुरक्षित. माय म्हणाली होती, किती धरवन. मी मायचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाच्या वर पाण्यात राहत नव्हते. त्या मार्चच्या सकाळीही अंगात तोच ड्रेस होता आणि मी नुकतीच उतरले होते, म्हणून टॉवेल कोरा राहिला. दहा मिनिटं उशीर झाला असता तर?

ह्या 'तर'नं माझी झोप खाल्ली. मी कुठंही बसले की उठताना मागं वळून बघायला लागले. बसमध्ये. लग्नाच्या पंगतीत. बुद्धविहारात सतरंजीवरून उठतानासुद्धा. पाळी नसतानाही. माय एकदा म्हणाली, "काय हरवलं तुहं? काहून पाह्यतं मांगं?"

मी तिला टॉवेलचं सांगितलं. माय म्हणाली, "बस म्हटलं, बसली. नोकरी राह्यली ना?"

तिचं असं बोलणं मला टॉवेलपेक्षा जास्त लागलं. कारण तिच्याही तीस वर्षांत असं काही झालं असणार. तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

*

एप्रिलमध्ये क्लबनं उन्हाळी बॅच काढली, बाहेरच्या बायकांसाठी, सकाळच्या लेडीज बॅचच्याच वेळेत. त्यात नंदाताई आल्या. सक्करदऱ्याच्या. वय शेहेचाळीस. घरी ब्लाउज शिवायच्या. पायाच्या मशीनवर गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं, पोहा. पाण्याची त्यांना इतकी भीती की पहिल्या दिवशी त्यांनी माझा दंड धरला तो तास संपेपर्यंत सोडला नाही. दंडावर पाच बोटं उमटली. आठव्या दिवशी त्या हात सोडून तरंगल्या. आभाळाकडे तोंड करून. वर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, एवढं हलकं मले माहेरीबी वाटलं नव्हतं."

मग एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत हळूच म्हणाल्या, "माह्या पाळीचा आता काही नेम नाही. दोन महिने नाही येत, अन् आली का नळ सुटल्यावानी. मी येनं बंद करू का?"

मी त्यांना माझा ड्रेस दाखवला. त्यांनी शिंपिणीच्या नजरेनं पाहिला. बोटानं शिवण ओढली, मांडीजवळचं लास्टिक ताणून सोडलं.

"कापड चांगलं हाय. पण खरी गोष्ट ह्या लास्टिकची. मांडीले चिकटून राह्यलं पाहिजे. सैल झालं का खेळ खतम." मग माझ्याकडे पाहिलं. "भरवशाचं हाय का?"

मी सगळं सांगितलं. कमी जाणाऱ्या दिवसांत भरवशाचं. जास्त जातं तेव्हा नाही. आतून पॅड लावायचं नाही. बाहेर आलं की लगेच बदलायचं. मी एकच गोष्ट सांगितली नाही. टॉवेलची. लाज वाटली. त्यांना वाटेल, ही बसली कशी?

मे महिन्यात एका सकाळी नंदाताई शिडी चढून वर येत होत्या. नवा ड्रेस घातलेला, माझ्यासारखाच. पाचच मिनिटं आधी त्या तलावाची पूर्ण रुंदी पोहल्या होत्या, पहिल्यांदा. मी टाळ्या वाजवत होते. आणि त्यांच्या मांडीवरून ओघळ आला. बारीक नाही. पोटरीपर्यंत. शिडीच्या पायरीवर थेंब पडला.

कापड कमी पडलं. मायनं सांगितलं होतं तसंच.

नंदाताईंनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं पोहल्याचं हसू अजून पुसलंही नव्हतं.

मॅडम पलीकडच्या काठावर होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अगं, शी! टॉवेल आण. बसव तिला त्यावर. सगळ्यांना कळू दे पाणी कोण नासवतं ते." आणि मग मला, जरा हळू, आपल्या माणसाला सांगावं तसं: "तुला माहीत आहे ना कसं करायचं."

मला माहीत होतं. टॉवेल कुठं ठेवतात, खुर्ची कुठं असते. माझे पाय कपाटाकडे वळलेही. दोन पावलं गेले मी. खोटं कशाला लिहू. दोन पावलं गेले आणि मला दिसलं, या वेळी खुर्चीशेजारी घड्याळ बघत मी उभी राहणार आहे. टॉवेल उजेडात मी धरणार आहे.

मी थांबले. कपाटातून टॉवेल काढला. नंदाताईंच्या कमरेभोवती गुंडाळला. गाठ मारली.

"जा ताई, बदलून या. घाई नाही."

"मी बसव म्हटलं," मॅडम म्हणाल्या.

"त्या बसणार नाहीत," मी म्हटलं. आवाज फाटला माझा. "पाळीचं रक्त आहे. सगळ्यांना दिसलं. बसवून काय कळायचं राहिलं?"

"पाणी घाण झालं."

"या पाण्यात औषध आहे, मॅडम. एवढ्यानं काही होत नाही. या पाण्यात रोज कोण कोण लघवी करतं ते मला माहीत आहे. काठावर उभं राहिलं की चेहऱ्यावरून कळतं. मी कोणाला टॉवेलवर बसवलं नाही."

मार्चमधली लाल धाग्यावाली बाई पाण्याकडे बघत उभी होती.

"आणि मार्चमध्ये माझी पाळी होती," मी म्हटलं. "दुसरा दिवस. मी खोटं बोलले. पाण्यातली रेघ माझी नव्हती. पण माझी असती तरी तुम्ही मला बसवायला नको होतं. आणि मी बसायला नको होतं."

मॅडमचा चेहरा शांत होता. रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या लोकांना थोडं वर आणलं की असं होतं. उद्यापासून येऊ नकोस."

तुमच्या लोकांना. मार्चपासून जे टॉवेलाखाली होतं, ते एवढंच होतं.

बाहेर रस्त्यावर नंदाताई ऑटोची वाट बघत उभ्या होत्या. कमरेला अजून क्लबचा टॉवेल. "माह्यामुळं तुही नोकरी गेली वं," त्या रडत म्हणाल्या.

"तुमच्यामुळं नाही. ताई, मी तुम्हाला एक सांगितलं नव्हतं." आणि त्या उन्हात उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. विचारलं नाही की तू बसली कशी. फक्त म्हणाल्या, "मीबी बसली असती."

*

माझं मागं वळून पाहणं गेलं नाही. आजही खुर्चीवरून उठते आणि मान वळते. ती सवय आता अंगातच राहील बहुतेक.

जूनमध्ये क्लबातून फोन आला. ऑफिसातला तोच माणूस. दुसरी बाई मिळत नव्हती, बायका विचारत होत्या. तो म्हणाला, "मॅडमचं मन मोठं आहे. दोन ओळी लिहून दे, चूक झाली, पुन्हा असं होणार नाही. सोमवारपासून ये."

माय समोर गहू निवडत बसली होती. तिनं हात थांबवला. घरात तेव्हा माझी कमाई नव्हती. मी काय बोलते ते ती ऐकत होती.

"लिहून देते," मी म्हटलं.

वहीचं पान फाडलं. लिहून झाल्यावर मायला वाचून दाखवलं. तिनं निवडलेले गहू बाजूला सारले, उठली आणि पायात चप्पल घातली.

"चाल," म्हणाली. "मी येतो सोबत."

ऑफिसात मी ते पान टेबलावर ठेवलं. पोच म्हणून त्याची सही मागितली. त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. सही केली.

पानावर एवढंच होतं:

"माझी चूक झाली. मार्च महिन्यात तुम्ही सांगितलं म्हणून मी टॉवेलवर बसले. पुन्हा असं होणार नाही. मी बसणार नाही, आणि माझ्या हातानं कोणत्याही बाईला बसवणार नाही. पाळी असेल तर असेल म्हणून सांगेन, आणि पाण्यात उतरेन."

खाली माझं नाव. आडनावासकट, पूर्ण.