उंचावरची अंडी

कॅमेरा मी शिकले ते झूमध्ये. जंगलात जायला ना सुट्टी, ना सोबत. हिमायतनगरच्या विमा ऑफिसात नोकरी, चिक्कडपल्लीत घर, आणि रविवारी सकाळी झूचं फाटक उघडलं की मी आत. झूमधली विद्या एकच, जाळी घालवणं. लेन्स जाळीला अगदी चिकटवायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि प्राणी जाळीपासून लांब जाईपर्यंत गप्प उभं राहायचं. मग फोटोत जाळी दिसतच नाही. माझा बिबट्या पाहून ऑफिसातल्या लोकांनी विचारलं होतं, "मॅडम, कुठलं जंगल?" मी खोटं बोलले नाही. नुसतं हसले.

पुढे झूचा कंटाळा आला आणि मी शहराबाहेरच्या एका तळ्यावर जायला लागले. तळं म्हणायचं एवढंच. अर्ध्या पाण्यावर जलपर्णी, सांडव्यापाशी साबणाचा फेस, आणि एका बाजूनं रोज थोडं थोडं बुजत चाललेलं. पाडलेल्या घरांचा मलबा लॉरीत भरून आणायचे आणि काठावर ओतायचे. तरीही पक्षी यायचे. शेकाट्या, पाणकोंबड्या, वंचक, सगळे त्या घाणीत लांब पाय टाकत हिंडायचे. मी गाडीची काच खाली करून आतूनच फोटो काढायचे. मागे लॉरी आली, इमारत आली, प्लास्टिक आलं की घरी येऊन कापून टाकायचे. उरायचा तो पक्षी आणि थोडं पाणी. झूची सवय दुसरं काय.

हे फोटो बघणारं हक्काचं माणूस एकच, माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. लातूरकडच्या शेतकरी घरातला हा माणूस कोवळ्या वयात इथं आला आणि पुढची सगळी हयात गौलीगुड्यात बी-बियाण्यांचं दुकान चालवलं. दुकान बंद झालं तरी गावाकडची बस कधी येते ते त्यांना पाठ. स्टँडवर जाऊन उतरणाऱ्या कुणालाही गाठायचे आणि विचारायचे, "पाऊसपाणी काय म्हणतंय?" जमीन चुलत भावांकडे जाऊन जमाना झाला. मी चिडवायचे, "दादा, पेरायचंय का तुम्हाला गॅलरीतल्या कुंडीत?" ते म्हणायचे, "तुला नाही कळायचं ते."

होळीच्या सुमारास दादा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज उभं करा, वॉकर धरून चार पावलं तरी चालवा, नाहीतर हा माणूस अंथरुणाचा होईल. फिजिओथेरपीची बाई यायची, गोड बोलायची, ओरडायची, मग हात टेकून निघून जायची. दादांनी वॉकरकडे बघायचंही सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुखतं म्हणायचे, चक्कर येते म्हणायचे. खरं म्हणजे त्यांना पुन्हा पडायची भीती बसली होती आणि ते कबूल करायला ते तयार नव्हते. मी एकटी. ऑफिस, घर, बेडपॅन. मला त्यांचा राग यायचा आणि त्या रागाची लाज वाटायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी तळ्यावर टिटवीची अंडी सापडली. चार, मातकट, काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवून मांडलेली. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. मी दहा पावलांवर येईपर्यंत मला ती दिसली नव्हती. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून नुसती किंचाळत होती. मी झटपट दोन फोटो काढले आणि मागे फिरले. घरट्यापाशी रेंगाळायचं नाही आणि घरट्याला हात लावायचा नाही, हा आम्हा फोटोवाल्यांचा नियम. मी तो कडक पाळते आणि न पाळणाऱ्यांशी कचाकचा भांडते.

घरी येऊन दादांना टॅबवर फोटो दाखवला. ते कितीतरी दिवसांनी उशीवरून उठून नीट टेकून बसले.

"टिटवीची हाईत. कुठं घातलीत? खोलात का उंचावर?"

गावाकडे टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. पात्रात, खोलगट जागी घातली तर पाऊस ओढ देणार. टेकाडावर घातली तर भरपूर.

"उंचावर," मी म्हणाले. "चांगलं पुरुषभर टेकाड आहे."

ते खरंच होतं. फक्त ते टेकाड मलब्याचं होतं. विटांचे तुकडे, सिमेंट, निळ्या बाथरूम टाइल्स, आणि शेजारी फुटका कमोड. मी फोटो असा कापला होता की चार अंडी आणि मूठभर खडे एवढंच राहिलं होतं.

दादांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "बघ, पाखराला कळतं. औंदा पाऊस चांगला हाय." मग म्हणाले, "टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघालं की त्याच दिवशी पळतं, ठाऊक हाय का तुला? ते पळू दे, मग मीबी उठतो."

"शब्द?"

"हौ. शब्द."

मी खूश झाले. किती मूर्खपणा होता तो, हे आता कळतं. फिजिओच्या बाईला मी स्वतः सांगितलं की तीन-चार आठवडे राहू द्या, ते आपणहून उठणार आहेत. मला सोयीचं होतं. तेवढे दिवस घरात भांडण नाही.

त्यानंतर मी ऑफिसच्या आधी एक दिवसाआड तळ्यावर जायला लागले. टिटवी बसलेली असायची. उन्हं चढली की उठून पाण्यावर जायची, पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं पुन्हा अंड्यांवर बसायची. गारव्यासाठी. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डाव्या पायाला पतंगाचा नायलॉनचा मांजा गुंडाळला होता, संक्रांतीचा उरलेला, त्यामुळे ती किंचित लंगडायची. फोटोत मला ते दिसलंसुद्धा नव्हतं, दादांनी दाखवलं. "पायाला दोरा हाय बघ तिच्या. लंगडतीय का?" मी हो म्हणाले. "तरी पाण्याला जातीय," ते म्हणाले आणि वॉकरकडे एक नजर टाकली.

तिसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. मलब्याचे ढीग सपाट करायला घेतले होते. मी गाडी तशीच सोडून धावत गेले आणि त्याच्यापुढे हात आडवे करून उभी राहिले. चालवणारा चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस. मशीन बंद करून खाली उतरला.

"क्या हुआ अम्मा?"

मी अंडी दाखवली. तो खाली वाकला, बघतच राहिला. "अरे, ये तो टिटहरी है. हमारे गाँव में भी रहती." मग डोकं खाजवून म्हणाला, "हमारे हात में क्या है अम्मा? सुपरवायझर बोल्या पूरा लेवल करना. आप ऐसा करो, उठा के बाजू में रख देव ना. वो उधर, झाडी के पास."

आणि मी त्या भल्या माणसाला भाषण दिलं. अंड्यांना हात लावायचा नसतो, जागा बदलली तर पक्षी अंडी सोडून देतो, हा नियम आहे, कायदा आहे. तो मान हलवत ऐकत राहिला. शेवटी त्यानं लाल रंगाचा एक रिकामा डबा आणून अंड्यांपासून हातभर अंतरावर उभा केला. "ठीक है. मैं इसके बाजू से हल्लू चलातुं. मैं है तब तक कुछ नै होता."

मी त्याच दिवशी महापालिकेच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईनं विचारलं, जागा तळ्याच्या हद्दीत येते की खासगी पट्ट्याची, म्हणजे कुणाच्या मालकीची? मला माहीत नव्हतं. तिनं फोटो पाठवायला सांगितला. मी शोधायला लागले तर माझ्याकडे निवडलेल्या एकाही फोटोत ना लॉरी, ना मलबा, ना तळ्याचा काठ. सगळे सुंदर. मूळ फोटो हार्ड डिस्कवरून काढून पाठवेपर्यंत तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला होता.

डबा आठवडाभर टिकला. सगळीकडे सपाट आणि मध्ये तेवढाच एक उंचवटा, त्यावर टिटवी. दादांना दर खेपेला सांगायचे, बसलीय, अजून बसलीय. ते दिवस मोजत होते. "आता चार-पाच दिवस," म्हणायचे. फिजिओच्या बाईचे व्यायाम झोपल्या झोपल्या करायलाही लागले होते, मला दिसू नये असे, चादरीखाली.

शनिवारी गेले तर उंचवटा नव्हता. लाल डबा चपटा होऊन मातीत रुतला होता. जेसीबीवर दुसराच माणूस होता. पहिला कुठं विचारलं तर म्हणाला, साळ्याच्या लग्नाला गावी गेलाय. याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याच्यावर ओरडून काय करणार? तरी ओरडले. तो बिचारा कानातला हेडफोन काढून ऐकत उभा राहिला.

टिटवी तिथंच होती. सपाट जमिनीवर लंगडत यायची, एका ठिकाणी बसल्यासारखं करायची, उठायची, दोन पावलं सरकून पुन्हा बसायची. तिचं पोट ओलं होतं. मी फोटो काढले. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून काढले. जेसीबीवाला म्हणाला होता तशी उचलून बाजूला ठेवली असती तर? रोज थोडी थोडी सरकवली असती तर? कदाचित तिनं ती सोडून दिलीही असती. कदाचित नसती. मी नियम पाळला, एवढंच मला ठाऊक आहे.

दादांना काय सांगायचं? त्या दिवशी सांगितलं, बसलीय. दुसऱ्या दिवशी रविवार. मी तळ्यावर गेलेच नाही, झूला गेले. कितीतरी दिवसांनी. पाणघोड्याच्या हौदामागे पाइप गळून गवत कायम ओलं असतं आणि तिथं टिटव्या असतात, हे मला जुनं माहीत होतं. नशीब म्हणजे तीन पिल्लं सापडली, कापसाच्या बोळ्याएवढी, काटक्यांसारख्या पायांवर पळत सुटलेली. मी गवतात पोटावर आडवी झाले. मागची भिंत कापली, हौदाचा कठडा कापला. आई आणि पिल्लं राहिली.

संध्याकाळी टॅब दादांच्या हातात दिला. "निघाली," मी म्हणाले. आवाज बरा लागला होता.

त्यांनी चष्मा लावला. फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मी वॉकर पलंगाजवळ ओढला.

"छान हाईत," ते म्हणाले. "पर ही आपली न्हाई."

"असं कसं, दादा?"

"हिच्या पायाला दोरा कुठाय?"

मी वॉकर परत भिंतीशी नेऊन ठेवला. गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा ऐकू येत होता. दादा रागावले असते तर बरं झालं असतं.

"काय झालं तिथं, सांग."

मी हार्ड डिस्क आणली आणि पहिल्या दिवशीचा फोटो काढला, न कापलेला, अख्खा. टाइल्स, कमोड, मागे ओतणारी लॉरी, तिच्या चाकाखाली गेलेलं पाणी, आणि मध्ये शोधावी लागतील अशी चार अंडी. मग कालचे फोटोही दाखवले. डबा, सपाट जमीन, टिटवी. जेसीबीवाला काय म्हणाला होता आणि मी त्याला काय ऐकवलं, तेही सांगितलं. सांगताना रडले, आणि रडायला येतंय म्हणून स्वतःवरच चिडले.

दादा पहिल्या फोटोकडे परत गेले. बोटानं इकडून तिकडं सरकवत बराच वेळ बघत राहिले.

"उंच तेवढंच होतं की तिथं," ते म्हणाले. "तिनं तरी काय करावं?"

टॅब त्यांनी उशीखाली ठेवला आणि पाय पलंगाखाली सोडले. एक एक करून, हातानं उचलून. "आण ते."

"दादा, उद्या बाईंना बोलावते, त्या आल्या की..."

"आण म्हणतो ना."

त्यांनी दोन्ही हातांनी वॉकर धरला. मी काखेत हात घातले. गुडघे थोडे सरळ झाले, थरथरले आणि तिथंच थांबले. चार आठवड्यांत मांड्यांचं मांस कुठं गेलं ते माझ्या हाताला कळत होतं. ते वर होईनात आणि मला त्यांना उचलता येईना. वॉकरचे पाय फरशीवर खडखडत होते. आम्ही दोघं तसेच अर्धे उभे, अर्धे बसलेले.

"सोड," दादा म्हणाले. "न्हाई व्हायचं."

मी सोडलं नाही.